गिअरबॉक्सची भाषा: १८९१ पासून आजपर्यंत



या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा, रस्ते आणि रसद यांच्याबद्दल बोलतो. आजचा भाग एका प्रश्नातून निघाला. इंदूरच्या एका दर्शकांनी लिहिलंय, "सर, माझी गाडी आठ वर्षांची आहे. दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज येतो. एक मिस्त्री म्हणतो क्लच बदला, दुसरा म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दोघांच्या अंदाजात चौपट फरक आहे. ऐकू कुणाचं?" बडोद्याहून, हैदराबादहून, बेळगावहूनही असे प्रश्न येतात. कुणाचा गिअर निसटतो, कुणाच्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसतो.

मी मेकॅनिक नाही. पण फौजेत तीस-बत्तीस वर्षं गाड्यांच्या ताफ्यांबरोबर काढली आणि ईएमईच्या कारागिरांशेजारी बसून चहा बराच प्यायलो. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. गिअरबॉक्सच्या प्रत्येक लक्षणाला एक जन्मसाल आहे. कुठला भाग कधी आणि कशासाठी बसवला गेला हे माहीत असलं, की आज कुठला भाग कण्हतोय याचा अंदाज बांधता येतो. म्हणून इंदूरकरांना उत्तर देण्यासाठी मी त्यांना आधी पॅरिसला नेणार आहे. थोडा धीर धरा.

पेट्रोल इंजिनाची एक अडचण जन्मजात आहे. बैल किंवा वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकतं. पेट्रोल इंजिनाला तसं जमत नाही, त्याला आधी फिरावं लागतं आणि ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच ते जोर देतं. म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये दलाल हवा. १८९१ मध्ये पॅनहार्ड-लेव्हासॉर या फ्रेंच कंपनीच्या एमिल लेव्हासॉरने इंजिन पुढे, क्लच, त्यामागे सरकत्या दातेरी चाकांची पेटी आणि ताकद मागच्या चाकांना, अशी मांडणी केली. गिअर बदलायचा म्हणजे फिरतं चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचं. दोघांचे वेग जुळले तर ठीक, नाही तर दातावर दात. "रांगडं आहे, पण चालतं," अशा अर्थाचं वाक्य लेव्हासॉरच्या नावावर सांगितलं जातं. ते खरंच त्याचं असो-नसो, वर्णन अचूक आहे.

तर पहिलं लक्षण, खर्र, १८९१ चं. त्या काळी तो बिघाड नव्हताच, रोजचा व्यवहार होता. चांगला ड्रायव्हर तोच, जो आवाज न करता गिअर टाकी. त्यासाठी डबल क्लच करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर. आपल्याकडे जुन्या टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकवर शिकलेली मंडळी अजून भेटतात. त्यांचा डावा पाय आजही नव्या गाडीत आपोआप दोनदा दबतो. हा डबल क्लच लक्षात ठेवा, तो पुढे तपासणीचं हत्यार म्हणून कामाला येणार आहे.

पुढचा टप्पा लुई रेनॉचा. १८९८ चा नाताळ. एकवीस वर्षांच्या या पोराने घरच्या आवारात बनवलेली छोटी गाडी पॅरिसच्या मॉन्मार्त्र टेकडीवरच्या लपिक रस्त्याने चढवून दाखवली. त्या गाडीची खुबी अशी की सगळ्यात वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा दांडा आणि मागे जाणारा दांडा सरळ एकमेकांना जोडले जात. मधल्या दातेरी चाकांवर भारच नाही. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. पुढच्या वर्षी त्याने पेटंट घेतलं आणि अर्ध्या जगाने ती मांडणी उचलली. आपल्या ओळखीची जीप आणि अँबॅसडर याच घराण्यातल्या.

या एका युक्तीमुळे मिस्त्रींना फुकटात एक चाचणी मिळाली. गाडी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये हुंकारते आणि टॉपमध्ये टाकताच गप्प होते? मग दोष खालच्या दांड्यावर, म्हणजे लेशाफ्टवर, त्याच्या दात्यांत किंवा बेअरिंगमध्ये, कारण टॉपमध्ये फक्त तोच सुट्टीवर असतो. टॉपमध्येही हुंकार तसाच राहिला तर गिअरबॉक्स सोडा, मागे डिफरन्शियलकडे बघा. पेटी न उघडता अर्धं निदान झालं.

हे मी लडाखच्या वाटेवर प्रत्यक्ष पाहिलंय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या ताफ्यात शक्तिमान ट्रक होते. जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनणारी ही गाडी, दिसायला रेड्यासारखी आणि कामालाही तशीच. दुपारच्या हॉल्टला हरियाणाचा एक ड्रायव्हर जवळ आला आणि म्हणाला, "साब, तीसरा गियर बोल रहा है." मी शेजारी बसून दोन किलोमीटर गेलो. मला इंजिनाच्या गडगडाटापलीकडे काही ऐकू येईना. ईएमईचा हवालदार आला, त्याने एक लांब स्क्रू-ड्रायव्हर गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवला, मूठ कानाशी धरली, इंजिन चालू-बंद करायला लावलं आणि खाली तेलाचा बोल्ट सोडला. निघालेल्या तेलात तांदळाच्या दाण्याएवढा पोलादाचा तुकडा होता. दाताचा टवका. दुसऱ्या दिवशी त्या गाडीला माल लादून उताराला लागायचं होतं. ती मागे ठेवली आणि माल तीन गाड्यांत वाटून दिला.

त्या ड्रायव्हरला कुणी शास्त्र शिकवलं नव्हतं. त्याला त्या गाडीचा रोजचा आवाज पाठ होता, इतकंच. फौजेत गाडीची तपासणी तीन वेळा होते: निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, गळती, नट-बोल्ट, आवाज. नवख्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण बिघाड असा कोसळत नाही, तो आधी बारीक आवाजात सांगतो, आणि काल काय आवाज होता हे माहीत असलेल्यालाच आजचा फरक कळतो.

आता थोडं रणांगणावर जाऊ, कारण गिअरबॉक्सच्या इतिहासात पहिल्या महायुद्धाचा वाटा मोठा आहे. १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिले रणगाडे उतरवले. आत आठ माणसं, आणि त्यातली चार नुसती गाडी चालवण्यासाठी! ड्रायव्हर पुढे, कमांडर ब्रेकवर, आणि मागे डाव्या-उजव्या पट्ट्यांच्या गिअरवर एकेक माणूस. इंजिन उघडं, मध्यभागी. आवाज एवढा की हुकूम ऐकू येत नसे. मग खुणा करायच्या, लोखंडावर ठोकायचं. १९१८ च्या मार्क पाच रणगाड्यात वॉल्टर विल्सनच्या एपिसायक्लिक गिअरमुळे हे काम एका माणसावर आलं. एपिसायक्लिक म्हणजे मधल्या सूर्यचक्राभोवती लहान ग्रहचक्रं फिरतात, आणि कुठलं चाक धरून ठेवायचं यावर वेग ठरतो. दाते कायम एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे खर्र होण्याचा प्रश्नच नाही. धरून ठेवण्याचं काम पट्टा करतो.

हीच कल्पना फोर्डने १९०८ च्या मॉडेल टीमध्ये साध्या माणसासाठी आणली होती. दीड कोटी गाड्या विकल्या. तिथे पट्ट्यांना कापडी अस्तर असे आणि ते झिजलं की पट्टा ड्रमवर घसरे. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे जात नाही. हे दुसऱ्या मोठ्या लक्षणाचं, घसरण्याचं, म्हणजे स्लिपचं घराणं. दात्यांचा दोष कानाला कळतो. पकडीचा दोष आरपीएमच्या काट्याला आणि नाकाला कळतो.

तुमच्या साध्या गिअरच्या गाडीत ही पकड क्लच प्लेट धरते. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र आळसावून वाढला, तर प्लेट संपत आली. सोबत जळका, उग्र वास असेल तर बोलायलाच नको. याचा गिअरबॉक्सशी संबंध नाही, आणि कुणी गिअरबॉक्सचं बिल लावत असेल तर तिथून गाडी काढा.

आता इंदूरकरांचा दुसरा गिअर. १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना बाजारात आणली. लेव्हासॉरपासून चालत आलेली कटकट त्याने अशी मिटवली की दात गुंतण्याआधी एक लहान शंकूच्या आकाराची कडी चाकावर घासते, दोन्हींचे वेग जुळवते आणि मगच वाट मोकळी करते. ड्रायव्हर जे डबल क्लचने करायचा, ते ही कडी करू लागली. कडी साधारणपणे पितळी जातीच्या धातूची, पोलादापेक्षा मऊ. मऊ म्हणजे झिजणारी.

दुसऱ्याच गिअरची कडी आधी का जाते? कारण शहरात सर्वात जास्त काम तिलाच पडतं. स्पीडब्रेकर आला, तिसऱ्यातून दुसरा. सिग्नल सुटला, पहिल्यातून दुसरा. वेगातला फरकही तिथे मोठा असतो, आणि आपली घाईही तिथेच.

तर मंडळी, आता निदान करा. खर्र फक्त एका गिअरला होतं, बाकी सगळे लोण्यासारखे पडतात? मग त्या गिअरची कडी. खात्रीसाठी डबल क्लच करून तोच गिअर टाका. निमूट पडला तर कडीच, कारण तिचं काम तुम्ही पायाने केलंत. पण सगळेच गिअर जड झाले असतील आणि रिव्हर्स टाकताना सर्वांत जास्त खर्र होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तो क्लचची चुगली सर्वांत आधी करतो. आणखी एक खूण: इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केलं की अडतात, तरी दोष क्लचचा किंवा त्याच्या केबलचा, हायड्रॉलिकचा. कधी कधी तर केबलची ओढ नीट करून काम भागतं. इंदूरकर, तुमचा एकटा दुसराच गिअर कुरकुरतोय आणि डबल क्लचने शांत होतोय, तर गिअरबॉक्स म्हणणारा मिस्त्री खरा आहे. तोवर मात्र सावकाश, हलक्या हाताने गिअर टाका. कडी झिजली तरी गाडी बरेच दिवस चालते. जोर लावून ढकलत राहिलात की पुढचे दात तुटतात आणि मग अंदाज चौपटीचा राहत नाही.

न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर येत असेल तर क्लच दाबून बघा. दाबल्यावर गप्प झाली तर गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याचं बेअरिंग. उलट दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचकडचं.

आता ज्या लक्षणाला मी सर्वांत जास्त भितो त्याबद्दल. गिअर आपोआप सुटणं. जुन्या जीपच्या तीन गिअरच्या पेटीत दुसरा गिअर उतारावर सुटून न्यूट्रलला येण्याची खोड प्रसिद्ध होती. ड्रायव्हर गुडघा लावून लिव्हर धरून ठेवत. कारण असं: दात्यांची टोकं झिजून गोल होतात, गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग-गोळी सैल पडते, दांडा मागे-पुढे खेळू लागतो. चढावर इंजिन गाडीला ओढतं तोवर सगळं घट्ट वाटतं. पाय काढला, उतार लागला, ताणाची दिशा उलटली, की दात बाहेर सरकतो.

आता हे घाटात झालं तर काय होतं, विचार करा. खंडाळा असो, कसारा असो की सेला खिंड, नियम एकच: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. उतारावर गाडीला निम्मं तर इंजिन धरत असतं. गिअर सुटला की तो सगळा भार एका क्षणात ब्रेकवर येतो. आधीच तापलेले ब्रेक आणखी तापतात आणि पकड सोडू लागतात. गाडी वेग घेते, आणि भरधाव गाडीला परत खालचा गिअर पडत नाही. डोंगरी रस्त्यांवरच्या "ब्रेक फेल" अपघातांमागे अनेकदा गिअरचीच गोष्ट असते असं माझं मत आहे. ब्रेकचा बळी जातो, सुरुवात दुसरीकडे होते. म्हणून गिअर एकदा जरी आपणहून सुटला तरी त्या गाडीने घाट उतरायचा नाही. यात मी सूट देत नाही.

मात्र पेटी उघडण्याआधी स्वस्त कारणं तपासा. अँबॅसडर आणि फियाट, म्हणजे पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं ती, यांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. लिव्हरपासून पेटीपर्यंत सळ्या, बुश, सांधे. ते झिजले की गिअर मध्येच अडकायचा. मुंबई-कोलकात्याचा टॅक्सीवाला शांतपणे उतरून बॉनेट उघडायचा, एक सळी हाताने हलवायचा आणि परत येऊन बसायचा. पेटी धडधाकट, निरोप्या आजारी. आजच्या गाड्यांत निरोप्या म्हणजे गिअर केबल, आणि इंजिनाचे रबरी माउंटिंग. माउंटिंग फाटलं की इंजिन झटक्यासरशी हलतं आणि गिअरला सोबत ओढतं. शंभर-दोनशे ग्रॅम रबरासाठी लोक गिअरबॉक्स उघडून बसतात.

ऑटोमॅटिकचा इतिहासही फौजेच्या अंगणातून जातो. तोच अर्ल थॉम्प्सन. सिंक्रोमेशनंतर त्याच्या तुकडीने जनरल मोटर्ससाठी हायड्रामॅटिक बनवला. १९३९ मध्ये तो जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसला. चार गिअर, क्लचचं पेडल नाही. विल्सन-फोर्ड घराण्याची ग्रहचक्रं आणि पट्टे, पण पट्टा आवळणारा पाय नसून तेलाचा दाब. लगेच युद्ध आलं. विमानांची इंजिनं कमी पडू लागल्यावर अमेरिकेने एम-५ स्टुअर्ट हलक्या रणगाड्यात कॅडिलॅक मोटारीची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवले. लोकांना वाटलं, मोटारीची नाजूक पेटी रणगाड्यात काय टिकणार. टिकली.

आणि हेच स्टुअर्ट आपल्या इतिहासात एका मोठ्या दिवशी हजर आहेत. १ नोव्हेंबर १९४८, जोझिला. लडाखकडे जाणारी साडेअकरा हजार फुटांवरची ती खिंड शत्रूच्या हाती होती. पायदळाचे हल्ले मागे फिरले होते. जनरल थिमय्यांनी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट वर न्यायचं ठरवलं. गुप्ततेसाठी टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, उतरवून ते श्रीनगरमधून बालतालला नेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या वाटेची जीपची वाट केली. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या नेतृत्वाखाली बर्फात ते रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील अशी कुणी कल्पनाच केली नव्हती. पुढे द्रास, कारगिल, लेहचा रस्ता मोकळा झाला. या विजयाची कथा सांगताना शौर्य सांगतात, सांगायलाच हवं. मी त्यात एक ओळ घालतो: चिखल-बर्फाच्या त्या चढणीवर ड्रायव्हरला गिअर बदलताना ताकद तोडावी लागत नव्हती. चढावर क्लच दाबला की गाडी क्षणभर मोकळी होते, आणि ओल्या बर्फात तोच क्षण घात करतो.

हायड्रामॅटिकपासून मोटारीचं दुखणं तेलात गेलं. पट्टे आणि क्लच आवळायचं ते तेलानेच, थंडावा तेलाचा, वंगणही तेलाचंच. त्यामुळे या तेलाचं एक वेगळं शास्त्रच झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत, कारण पकड नेमकी किती चिकट-किती निसरडी ठेवायची हे त्या तेलाला फार छान जमायचं. देवमासा वाचवण्याचे कायदे आले आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं. आजचं तेल लाल दिसतं तो नुसता रंग आहे, गळती झाली तर इंजिनाच्या तेलापासून वेगळी ओळखू यावी म्हणून घातलेला.

म्हणून ऑटोमॅटिकवाल्यांनी तेल बघावं, वास घ्यावा. लाल, पारदर्शक म्हणजे ठीक. गडद तपकिरी आणि करपलेल्या पावासारखा वास म्हणजे आत क्लचचं अस्तर जळतंय. दुधाळ गुलाबी झालं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय. गाडी तिथेच थांबवा, कारण पाण्याने अस्तराचा डिंकच सुटतो. सकाळी 'डी'मध्ये टाकल्यावर गाडीने दोन-तीन सेकंद विचार केला, मग धक्क्याने गेली, तर तेलाचा दाब उशिरा तयार होतोय. तेल कमी असेल, फिल्टर तुंबला असेल. हे लवकर पकडलं तर हजारांत भागतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते आणि माहितीपत्रकात "आयुष्यभरासाठी भरलेलं तेल" असं लिहितात. कुणाचं आयुष्य, हे लिहीत नाहीत.

साध्या गिअरबॉक्सच्या तेलाबद्दलही एक सूचना. त्याला गंधकाचा उग्र वास असतो, गाडीखालच्या डागाला तसा वास आला तर तो इंजिनाचा नाही. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, डाग कुठे पडतो ते सकाळी कळेल. तेल बदलताना चुंबकी बोल्टवर राखाडी मलमासारखा थर असतो, त्याला घाबरू नका. पितळी चमक दिसली तर सिंक्रोच्या कड्या. तुकडे दिसले तर आमच्या हवालदारासारखं वागा, गाडी मागे ठेवा. आणि "भारीतलं" म्हणून जीएल-४ सांगितलेल्या पेटीत जीएल-५ ओतू नका. त्यातली जास्तीची गंधकी रसायनं पितळी कड्यांना मानवत नाहीत.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला दिली गेली आणि आपल्या मिस्त्रींचं जग उलटंपालटं झालं. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत. रेनॉची टॉप गिअरची चाचणी इथे चालत नाही, कारण प्रत्येक गिअरमध्ये दाते भार घेतात. इथे हिशोब वेगळा: हुंकार एकाच गिअरमध्ये तर त्या जोडीचा दोष, सगळ्यांत आणि वेगाबरोबर वाढणारा तर बेअरिंग किंवा शेवटची जोडी. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टक-टक-टक येत असेल तर तो गिअरबॉक्स नव्हे, चाकाजवळचा सांधा. त्याचं रबरी बूट फाटून धूळ शिरलेली असते.

पुराच्या पाण्याचंही सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत हजारो गाड्या पाण्यात होत्या. इंजिनाची काळजी सगळ्यांनी घेतली. पण तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि श्वास घ्यायच्या नळीतून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल ताकासारखं होतं, आणि चार-सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागतं तेव्हा पावसाळा कुणाच्या लक्षात नसतो. नदी-नाला ओलांडल्यावर सगळी तेलं तपासायची, ही फौजेची जुनी शिस्त आहे. तुम्हीही पाळा.

२०१४ पासून आपल्याकडे एएमटी आली, सुरुवात मारुतीच्या सेलेरिओने. पेटी तीच, साधी. फक्त क्लच दाबणारा पाय आणि लिव्हर ढकलणारा हात यंत्राचा. म्हणजे मॉडेल टीपासून सांगितलेलं क्लच-पुराण तिला जसंच्या तसं लागू. पण डावा पाय नसल्यामुळे क्लच झिजतोय हे तुमच्या पायाला कळत नाही. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणं ही तिची सर्वांत मोठी हानी. धक्के वाढले, गिअर बदलताना थांबा लांबला, मीटरवर 'एन' लुकलुकू लागला, तर ती हेच सांगतेय.

आणि आता बोलण्याचं काम दिव्याने घेतलंय. भारतात एप्रिल २०१० पासून गाड्यांत स्वनिदान यंत्रणेचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा सक्तीचा झाला. पी ०७०० हा संकेत स्कॅनरवर आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाची काही तक्रार आहे. खरी तक्रार त्याच्या मागच्या संकेतात असते. तोही वाचून घ्या, लिहून घ्या, आणि कुणी पहिल्याच संकेतावर पेटी बदलायला सांगितली तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून सावकाश चालू लागली तर तिने स्वतःला वाचवण्यासाठी तसं केलंय. बंद-चालू केल्यावर दिवा गेला म्हणून दुखणं गेलं असं समजू नका.

विजेच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न येणारच. त्यांत बहुतेक ठिकाणी एकच गिअर असतो, बदलायचा काही नाही. पण दाते आहेत, बेअरिंग आहेत, तेल आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने बारीकशी शीळसुद्धा ऐकू येते. काच खाली करून, रेडिओ बंद करून, भिंतीच्या कडेने सावकाश जा. आवाज भिंतीवरून परत येतो.

पुढच्या भागात ब्रेक. त्यासाठीचे प्रश्न पाठवताना गाडीचं वर्ष आणि किलोमीटर जरूर लिहा.